सिझेरियननंतरचे लांबलेले डाग आणि टाक्यांच्या जागचा 'कोनाडा'



मंडळाच्या या पानांवर टॅक्स, व्हिसा, मुलांची मराठी शाळा, आई-बाबांचा प्रवासविमा अशा विषयांवर माहितीपर लेख येत असतात. आजचा विषय हळदीकुंकवालाही कोणी मोठ्याने बोलत नाही, बोललेच तर स्वयंपाकघरात, दार लोटून. म्हणून तो लिहूनच काढायचे आम्ही दोघांनी ठरवले. आम्ही नवरा-बायको दोघेही इंजिनिअर, दोघेही सॉफ्टवेअरमध्ये, डॉक्टर कोणीच नाही. तेव्हा खालील मजकूर माहिती म्हणून वाचावा, औषधोपचार म्हणून नव्हे.

आमची मुलगी २०१७ साली इथेच, अमेरिकेत झाली. चौदा-पंधरा तास कळा, शेवटी सिझेरियन. बाळ-बाळंतीण सुखरूप, त्यामुळे बाकी कशाकडे लक्ष द्यायला वेळ नव्हता. वर्षभराने पाळी सुरू झाली आणि एक नवीनच प्रकार दिसू लागला. पूर्वी पाळी पाच दिवसांत आटपायची. आता पाच दिवस नेहमीसारखे जायचे आणि पुढे सहा-सात दिवस तपकिरी, चहाच्या चोथ्यासारखे डाग पडत राहायचे. दुखणे फारसे नाही, रक्तही जास्त नाही, पण पॅड काही सुटत नाही. इथल्या डॉक्टरांनी थायरॉइड तपासले, हॉर्मोन तपासले, गोळ्या दिल्या. गोळ्या चालू असेपर्यंत बरे, बंद केल्या की पुन्हा तेच. अस्तराचा तुकडा तपासून झाला, तोही नॉर्मल. "बाळंतपणानंतर शरीर बदलते" हे वाक्य आम्ही चार वर्षांत तीन वेगवेगळ्या डॉक्टरांकडून ऐकले.

उत्तर मिळाले ते २०२२ च्या डिसेंबरात, सुट्टीत पुण्याला गेलो असताना. तिथल्या बाईंनी विचारले, "सिझेरियन झालंय का? मग आज कितवा दिवस?" नववा दिवस होता, डाग चालू होते. त्यांनी लगेच स्वतःच आतून सोनोग्राफी केली आणि पडदा आमच्याकडे वळवला. पिशवीच्या पुढच्या भिंतीत, टाक्यांच्या जागी, एक काळा त्रिकोण दिसत होता. "हा बघा तुमचा कोनाडा. यात रक्त साठतंय."

कोनाडा म्हणजे काय?

जुन्या वाड्यात भिंतीत पणती ठेवायला कोनाडा असतो ना, तसाच हा प्रकार. सिझेरियनमध्ये गर्भाशयाच्या खालच्या भागात, पुढच्या बाजूने आडवा छेद घेतात आणि बाळ काढून टाके घालतात. तो छेद भरून येताना काही बायकांमध्ये आतल्या बाजूने भिंत पूर्ण जाडीची होत नाही, तिथे खाच राहते. इंग्रजी वैद्यकीय लेखनात याला 'निश' म्हणतात, म्हणजे शब्दशः कोनाडाच. 'इस्थमोसील' हे दुसरे नाव. रिपोर्टमध्ये 'सिझेरियन स्कार डिफेक्ट' असेही लिहिलेले असते. तिन्ही एकच.

किती खोल असली तर खाच म्हणायचे, यावर बराच काळ ज्याचे त्याचे माप होते. २०१९ साली युरोपातल्या तज्ज्ञांच्या गटाने चर्चा करून ठरवले की खोली किमान २ मिलिमीटर असेल तर तो कोनाडा.

टाक्यांच्या जागेमुळे पाळीचा त्रास होत असावा ही शंका मात्र जुनी आहे. १९९५ साली एका शोधनिबंधात, सिझेरियन झालेल्या बायकांच्या शस्त्रक्रियेने काढलेल्या ५१ पिशव्या तपासल्या गेल्या. व्रणाच्या जागी भिंत वेडीवाकडी झालेली, अस्तर सुजून लोंबणारे, काहींत बारीक कोंब असे बदल दिसले, आणि पाळीच्या तक्रारींचे मूळ इथेच असेल का, असा प्रश्न तेव्हाच विचारला गेला. त्याहीमागे जायचे तर १८८२ पर्यंत गर्भाशयाला टाके घालण्याची पद्धतच रूढ नव्हती. जर्मन डॉक्टर माक्स झेंगर यांनी ती आग्रहाने मांडली. त्याआधी सिझेरियन म्हणजे बहुतेक वेळा आईच्या जिवावरचेच. आज आपण टाक्यांतल्या दोन मिलिमीटरवर लेख लिहितो आहोत, हीदेखील मोठी मजलच म्हणायची.

डाग का पडतात?

इथे आम्हाला इंजिनिअर असल्याचा थोडा फायदा झाला, कारण हा बराचसा प्लंबिंगचा प्रश्न आहे. पाळीचे रक्त वरून खाली येताना त्यातले थोडे वाटेतल्या या खळग्यात साठते. निरोगी स्नायू आकुंचन पावून रक्त बाहेर ढकलतो, पण व्रणाभोवतीचा भाग तसा जोर लावू शकत नाही. मग साठलेले रक्त पाळी संपल्यावर हळूहळू झिरपते. तोवर ते जुने झालेले असते, म्हणून रंग लाल नसून तपकिरी किंवा काळपट, आणि कधीकधी वासही येतो. शिवाय खळग्याच्या आत नाजूक रक्तवाहिन्या तयार झालेल्या असतात, त्यातूनही थोडे रक्त येते. म्हणजे टाकीत पाणी साठते आहे आणि टाकीही थोडी पाझरते आहे, असे दोन्ही.

म्हणूनच हॉर्मोनच्या तपासण्या नॉर्मल येतात. बिघाड हॉर्मोनचा नसतोच. चार वर्षे आम्ही सॉफ्टवेअर तपासत बसलो आणि दोष हार्डवेअरमध्ये होता!

ओळखीची खूण सांगायची तर अशी: पाळी वेळेवर येते, पहिले दिवस नेहमीसारखे, आणि नंतर शेपटासारखे लांबत जाणारे गडद डाग. सिझेरियनच्या आधी हे नव्हते, नंतर सुरू झाले. काहींना पाळीत ओटीपोटात दुखते, काहींना संबंधाच्या वेळी दुखते. काहींना दोन पाळ्यांच्या मध्ये पाण्यासारखे अंगावरून जाते. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या 'फिगो' या जागतिक संघटनेच्या व्याख्येनुसार नॉर्मल पाळी २४ ते ३८ दिवसांनी येते आणि रक्तस्राव आठ दिवसांपर्यंत चालतो. बारा दिवस डाग पडत असतील तर ते 'तुमच्या प्रकृतीचे' म्हणून सोडून देण्यासारखे नाही.

किती जणींना होते?

कोनाडा असणे आणि त्याचा त्रास असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नेदरलँड्समध्ये या विषयावर सर्वात चिकाटीने काम झाले आहे. तिथे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सिझेरियननंतर ६ ते १२ आठवड्यांनी बायकांची तपासणी केली. साध्या आतल्या सोनोग्राफीत ४९.६ टक्के जणींना कोनाडा दिसला आणि पिशवीत जेल सोडून पाहिल्यावर ६४.५ टक्के जणींना. म्हणजे निम्म्याहून अधिक! पण पाळीनंतर डाग पडण्याची तक्रार कोनाडा असलेल्यांत २८.९ टक्के आणि नसलेल्यांत ६.९ टक्के होती. याचे दोन अर्थ निघतात. संबंध नक्की आहे. आणि कोनाडा असलेल्या बहुसंख्य बायकांना या डागांचा त्रास नाही.

त्यामुळे सोनोग्राफीच्या रिपोर्टात 'निश' हा शब्द दिसला म्हणून घाबरू नये, आणि तक्रार नसताना कोणी ऑपरेशन सुचवले तर दुसरे मत घ्यावे, हे आम्ही मुद्दाम लिहितो आहोत. २०२३ साली तज्ज्ञांनी 'सिझेरियन स्कार डिसऑर्डर' अशी व्याख्या केली, तीत कोनाड्याबरोबर त्रासही असला तरच त्याला आजार म्हणायचे असे ठरले.

आपल्या लोकांना हा विषय अधिक जवळचा आहे, कारण सिझेरियनच वाढले आहे. भारताच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २००५-०६ साली ८.५ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाली होती, २०१९-२१ साली २१.५ टक्के. महाराष्ट्रात त्याच सर्वेक्षणात २५.४ टक्के, आणि देशभरातल्या खाजगी दवाखान्यांत ४७.४ टक्के. अमेरिकेत प्रमाण ३२ टक्क्यांच्या आसपास आहे. आपल्या मंडळाच्या पिकनिकला पाच-सहा आया एका टेबलाशी बसल्या तर त्यातल्या एक-दोघींचे सिझेरियन झालेले असणारच.

चूक कोणाची?

हा प्रश्न आमच्या घरात फार चालला. पुण्यातले नातेवाईक म्हणाले, "अमेरिकेत घाईघाईत टाके घातले असणार." इथल्या एका मैत्रिणीचे सिझेरियन नाशिकला झाले होते आणि तिलाही हाच त्रास, तर तिला इथे ऐकवले गेले की भारतात टाके नीट घालत नाहीत! आम्हीसुद्धा रागाच्या भरात जिथे बाळंतपण झाले त्या हॉस्पिटलला लांबलचक पत्र लिहिले होते. पाठवण्याआधी वाचन केले ते बरे झाले.

कारणे अनेक आहेत आणि बरीचशी सर्जनच्या हातात नसतात. कळा बऱ्याच पुढे गेल्यावर, पिशवीचे तोंड पूर्ण उघडल्यावर सिझेरियन झाले तर छेद नकळत खाली, गर्भाशयमुखाच्या भागात जाऊ शकतो. तिथे चिकट स्राव करणाऱ्या ग्रंथी असतात आणि जखम नीट सांधत नाही. पिशवी मागे झुकलेली असेल तर व्रणावर ताण येतो. आतून चिकटलेल्या पट्ट्या व्रणाला ओढून धरतात. एकापेक्षा जास्त सिझेरियन झाली असतील तर शक्यता वाढते. आणि कोणाची जखम कशी भरते हे प्रत्येकीचे वेगळे.

राहता राहिला टाक्यांचा प्रश्न. एका थरात शिवावे की दोन थरांत? दोन थर म्हणजे दुप्पट मजबूत, असे आपल्यासारख्याला वाटणारच. नेदरलँड्समध्येच ३२ हॉस्पिटलांत २,२९२ बायकांवर याची रीतसर तुलना झाली आणि २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. नऊ महिन्यांनंतर डागांच्या दिवसांत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. आमचे पत्र अजून ड्राफ्टमध्येच आहे.

निदान कसे करून घ्यायचे?

आमचा बहुतेक वेळ इथेच वाया गेला, म्हणून थोडे सविस्तर.

भारतात सोनोग्राफी करणारी व्यक्ती डॉक्टर असते आणि अनेकदा तीच तुमची तक्रारही ऐकते. अमेरिकेत सहसा टेक्निशियन सोनोग्राफी करते, रेडिऑलॉजिस्ट दुसरीकडे बसून चित्रे वाचतो आणि तुमच्या डॉक्टरकडे फक्त रिपोर्ट जातो. तिघांपैकी कोणालाच 'व्रणाकडे बघा' असे सांगितलेले नसेल तर व्रणाकडे बघितले जात नाही. आमच्या २०१९ च्या रिपोर्टात मधेच एक ओळ होती, 'सिझेरियनचा व्रण दिसतो', आणि शेवटचा शेरा 'विशेष काही नाही'. चित्रात कोनाडा तेव्हाही होता! पुढे तीच चित्रे दुसऱ्या डॉक्टरांना दाखवल्यावर त्यांनी बोट ठेवून दाखवला.

तेव्हा अपॉइंटमेंट घेताना स्पष्ट सांगावे: माझे सिझेरियन झाले आहे, पाळीनंतर इतके दिवस डाग पडतात, व्रणाच्या जागी 'निश' आहे का ते आतल्या सोनोग्राफीत मोजून हवे आहे. शक्य असेल तर तारीख पाळी संपल्यानंतर डाग चालू असतानाची घ्यावी. त्या वेळी खळग्यात रक्त असते, म्हणून तो उठून दिसतो. लाज वाटून आपण नेमके डाग थांबल्यावर जातो आणि तेव्हा खळगा रिकामा असतो. साध्या सोनोग्राफीत शंका राहिली तर पिशवीत थोडे सलाईन किंवा जेल सोडून पुन्हा बघतात. थोडी कळ येते, पण पाच-दहा मिनिटांचे काम. बाळंतपणानंतर लगेच घाई करण्यात अर्थ नाही, जखम भरायला निदान तीन महिने द्यावेत.

रिपोर्टात दोन आकडे असायला हवेत. एक खळग्याची खोली. दुसरा, आणि पुढच्या सगळ्या निर्णयांसाठी महत्त्वाचा, खळग्याच्या पुढे शिल्लक राहिलेल्या स्नायूच्या भिंतीची जाडी. आमच्याकडे हे आकडे ६ आणि २.१ मिलिमीटर असे निघाले. हा दुसरा आकडा रिपोर्टात नसेल तर मागून घ्यावा.

डागांची इतरही कारणे असतात आणि ती आधी तपासलीच पाहिजेत. गर्भ राहिला आहे का, गर्भाशयमुखाची पॅप तपासणी कधी झाली, जंतुसंसर्ग, अस्तरातला पॉलिप, फायब्रॉइडच्या गाठी, थायरॉइड, तांबी, चालू असलेल्या गोळ्या. वय ४५ च्या पुढे असेल तर अस्तराची तपासणी चुकवू नये. पाळी कायमची गेल्यानंतर पडलेला एक डागसुद्धा कोनाड्याच्या खात्यावर टाकू नये, लगेच दाखवावा. आणि तासाला एक पॅड भिजेल असा रक्तस्राव दोन तासांहून जास्त चालला तर लेख वाचत न बसता इमर्जन्सीत जावे.

आणखी एक, खास आपल्याकडचे. गणपतीत किंवा घरच्या कार्यात पाळी पुढे ढकलण्यासाठी भारतातून आणलेल्या गोळ्या अनेक घरांत असतात. आमच्याही होत्या. त्या घेतलेल्या महिन्याचा हिशेब सगळा बिघडतो आणि इथल्या डॉक्टरांना त्याची कल्पना नसते. घेतल्या असतील तर न लाजता सांगावे. आम्ही शेवटी एक एक्सेल शीट केले: दिवस, रंग, प्रमाण, दुखणे, गोळ्या. सहा महिन्यांचे ते शीट पुढे ठेवल्यावर "शरीर बदलते" हे वाक्य पुन्हा ऐकावे लागले नाही.

इन्शुरन्सबद्दलही एक गंमत. अमेरिकेतल्या आजारांच्या कोडच्या यादीत या दुखण्याला स्वतःचा कोड मिळाला तो १ ऑक्टोबर २०२२ पासून: एन ८५.ए, इस्थमोसील. त्याआधी ते दुसऱ्या कुठल्यातरी रकान्यात कोंबावे लागे. ज्याला डेटाबेसमध्ये रकाना नाही ते व्यवहारात अस्तित्वातच नसते, हे आपल्यापैकी निम्म्या मंडळींना वेगळे सांगायला नको. शस्त्रक्रियेची मंजुरी मागताना हा कोड वापरला आहे ना, ते बिलिंगवाल्यांना जरूर विचारावे.

उपाय

तक्रार सौम्य असेल आणि समजले एवढ्यानेच समाधान झाले, तर काहीही न करणे हा पूर्ण सन्मान्य पर्याय आहे.

पुढे मूल नको असेल तर आधी औषधे. गर्भनिरोधक गोळ्यांनी किंवा हॉर्मोन सोडणाऱ्या 'मिरेना'सारख्या साधनाने पाळीच कमी होते, म्हणून साठायला रक्तही कमी. काही जणींना छान उपयोग होतो, काहींना नाही. पस्तिशीपुढे धूम्रपान, रक्तदाब, रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास, डोळ्यांपुढे चमकणारी अर्धशिशी यांपैकी काही असेल तर इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या चालत नाहीत.

दुसरा उपाय हिस्टेरोस्कोपी. योनिमार्गातून दुर्बीण घालून खळग्याची खालची कड तासतात, म्हणजे रक्त अडकत नाही, वाहून जाते. पोटावर छेद नाही, बहुतेक जणी त्याच दिवशी घरी येतात. नेदरलँड्समधल्या १०३ बायकांच्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१८ साली आले, सुरुवातीला दोन्ही गटांत पाळीनंतर सरासरी आठ दिवस डाग पडत होते. सहा महिन्यांनी हा उपाय केलेल्यांत ते चार झाले आणि न केलेल्यांत सात राहिले. निम्मे झाले, शून्य नाही, ही अपेक्षा आधीपासून ठेवलेली बरी. मर्यादा अशी की यात भिंत जाड होत नाही, उलट थोडी तासली जाते, आणि पलीकडे लगेच मूत्राशय असते. म्हणून शिल्लक भिंत साधारण ३ मिलिमीटर तरी हवी.

भिंत त्याहून पातळ असेल आणि पुढे मूल हवे असेल तर लॅपरोस्कोपीने पोटातून जाऊन मूत्राशय बाजूला करतात, जुना व्रण कापून काढतात आणि नव्याने टाके घालतात. काही ठिकाणी हेच रोबोटने किंवा योनिमार्गातून करतात. ही मोठी शस्त्रक्रिया आहे. त्यानंतर बरेच सर्जन सहा महिने तरी गर्भ राहू देऊ नका म्हणतात, आणि पुढचे बाळंतपण सहसा ठरवून सिझेरियननेच करतात. पिशवी काढून टाकणे हा शेवटचा उपाय. आपल्याकडे 'मूल झालं ना, मग काढून टाका पिशवी' असा सल्ला अजूनही सहज दिला जातो, आमच्या घरीही दिला गेला. डागांसाठी आधी बाकीचे सगळे पाहून घ्यावे असे आमचे मत.

दुसरे मूल हवे असेल तर

हिशेब करून पाहा. पाळीचे पाच दिवस आणि डागांचे सात, म्हणजे बारावा दिवस उजाडला. अठ्ठावीस दिवसांच्या चक्रात गर्भ राहण्याचे दिवस नेमके तेव्हाच असतात. डागांमुळे नवरा-बायको त्या दिवसांत दूर राहतात आणि दोघांनाही वाटते की काहीतरी मोठे बिघडले आहे. आमची दोन वर्षे अशी गेली. त्याशिवाय साठलेले रक्त किंवा पाणी उलटे वर पिशवीत गेले तर गर्भ रुजायला अडथळा होऊ शकतो, आणि आयव्हीएफच्या वेळी नळी घालताना अडचण येऊ शकते. मात्र कोनाडा दुरुस्त केला की दिवस राहतीलच असे पुराव्याने म्हणता येत नाही. कोणी तशी खात्री देत असेल तर सावध राहावे.

दिवस राहिले तर पहिली सोनोग्राफी लवकर, सहाव्या-सातव्या आठवड्यात मागावी. क्वचित गर्भ त्या खळग्यातच रुजतो, आणि ते आईच्या जिवाला धोक्याचे असते. लवकर कळले तर उपाय सोपे असतात. इथे पहिली भेट बऱ्याचदा आठव्या आठवड्यानंतरची देतात, म्हणून फोनवरच 'मागे सिझेरियन झाले आहे आणि कोनाडा आहे' असे सांगावे. तांबी बसवताना किंवा पिशवी साफ करण्याची वेळ आली तरी हे आधी सांगायचे, कारण पातळ भिंतीला भोक पडण्याची भीती असते.

घरातले

हे लिहावे की नाही यावर आमच्यात वाद झाला. घरात सोवळे-ओवळे पाळत असतील तर चारचे बारा दिवस झाल्यावर काय होते, हे ज्या घरात झाले त्यांनाच ठाऊक. सासूबाई सहा महिने इथे होत्या तेव्हा सत्यनारायणाची तारीख तीनदा बदलली. चौथ्यांदा त्या स्वतःच म्हणाल्या, "अगं, हे दुखणं आहे, विटाळ नव्हे. पूजेला बस." वाचकांत याबद्दल वेगवेगळी मते असतील, ती असू देत. पण घरातल्या मोठ्यांना 'जखमेच्या जागी रक्त साठतं' एवढे साध्या मराठीत सांगितले तर ते पटकन समजतात, असा आमचा अनुभव आहे. आम्हीच सांगायला चार वर्षे लावली. नवरेमंडळींनीही हा भाग वाचावा. अपॉइंटमेंटला बरोबर जावे आणि टिपणे काढावीत, कारण टेबलावर झोपलेल्या माणसाला आकडे लक्षात राहत नाहीत.

आमचे लॅपरोस्कोपीचे ऑपरेशन २०२३ साली इथेच झाले. डाग सात दिवसांवरून दोन दिवसांवर आले आहेत. दुसरे मूल अजून नाही.

शेवटी कागदपत्रांचे. सिझेरियन कुठेही झालेले असो, त्याचा ऑपरेशन रिपोर्ट मिळवून ठेवावा. अमेरिकेत तो मागणे हा तुमचा कायदेशीर हक्क आहे. भारतातल्या डिस्चार्ज कार्डावर बहुधा 'एलएससीएस' एवढेच असते, म्हणून सुट्टीत गेल्यावर दवाखान्यात जाऊन ऑपरेशनच्या नोंदी मागाव्यात, जुन्या फायली कायम ठेवतातच असे नाही. पोटावरचा व्रण आडवा दिसतो म्हणून आतला छेदही आडवाच असेल असे नसते, ते फक्त त्या कागदावरच कळते. आमच्या फायलीच्या पहिल्या पानावर आता चार ओळी चिकटवल्या आहेत: सिझेरियनची तारीख आणि छेदाचा प्रकार, दुरुस्तीची तारीख, दुरुस्तीनंतर भिंतीची जाडी ५.४ मिलिमीटर, आणि लाल शाईत, 'दिवस राहिल्यास सहाव्या आठवड्यात सोनोग्राफी'.

चू. भू. द्या. घ्या.